जातिभेदबंदीचा ठराव होईल, पण फाइल कोण उघडणार?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अडीच लाख वस्तीच्या एका शहरात काही मराठी, तेलुगू आणि पंजाबी मंडळी एकत्र आली आहेत. सिएटलप्रमाणे आपल्याही शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ यावी, अशी त्यांची मागणी आहे. कौन्सिलमधले दोन-तीन सदस्य अनुकूल आहेत. शहराला मानवी हक्क कार्यालय आहे. त्यात एक संचालक, दोन तपास अधिकारी आणि एक सहायक आहेत, आणि वर्षाला नव्वदेक तक्रारी येतात. सिटी मॅनेजरच्या, म्हणजे शहराचा कारभार चालवणाऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसातून निरोप आलाय की, ‘हे काम आहे त्या मनुष्यबळात सामावून घेऊ.’ माणसं आणि पैसे मागायचे का, मागायचे तर किती, आणि ते कुठून येणार, हे त्यांना विचारायचंय. पुणे महापालिकेत असं ऑफिस निघू शकेल का, हा जोडप्रश्नही आहे.

अशाच एका शहरी कार्यालयात मी आधी तपास अधिकारी होतो, नंतर त्याच ऑफिसचं बजेट मांडायचं काम माझ्याकडे आलं. त्या अनुभवावरून सांगतो, ‘सामावून घेऊ’ हा सभ्य भाषेतला नकार आहे. तो तसाच गिळू नका, त्याच्यासमोर हिशेब ठेवा.

वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे कागदावर २,०८० तास. रजा, सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण आणि मीटिंगा वजा केल्या की एका तपास अधिकाऱ्याच्या हातात सोळाशेच्या आसपास तास उरतात. एक तक्रार नीट तपासायची म्हणजे तक्रारदाराची मुलाखत घ्यायची, समोरच्याचं लेखी उत्तर मागवायचं, ते वेळेत येत नाही म्हणून पाठपुरावा करायचा, साक्षीदार, पगाराचे आणि बढत्यांचे कागद, तडजोडीचा प्रयत्न, आणि शेवटी कोर्टात टिकेल असा निष्कर्ष लिहायचा. माझ्या अंदाजाने याला ५० ते ६० तास सहज जातात, आणि गुंतागुंतीची असेल तर दुपटीने. म्हणजे एक माणूस वर्षाला २७ ते ३२ फायली निकाली काढतो, दोघे मिळून फार तर चौसष्ट. तुमच्याकडे नव्वद येतात. काही पहिल्या फोनवरच कायद्याबाहेरच्या ठरतात, काही माघारी घेतल्या जातात, तरी वर्षाअखेर पंधरा-वीस फायली मागे राहणारच. ‘जात’ यायच्या आधीच तुमचं ऑफिस तुंबलेलं आहे. कौन्सिलपुढे पहिलं वाक्य हेच म्हणा, आणि ते म्हणायच्या आधी प्रलंबित फायलींचा आकडा आणि सर्वांत जुन्या फाइलची तारीख ऑफिसकडून लेखी मागवून घ्या.

सिएटलचा दाखला सगळेच देतात. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी तिथे ठराव मांडला आणि २१ फेब्रुवारी २०२३ ला तो सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. जातिभेदावर स्पष्ट बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. पण त्याआधीचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही, आणि तुमच्या कामाचा तोच आहे. सिएटलमध्ये मानवी हक्क आयोग १९६३ ला आला. घरं विकताना-भाड्याने देताना वर्णभेद करायला बंदी घालणारा प्रस्ताव १९६४ मध्ये शहराच्या मतदारांनी मोठ्या फरकाने आपटला. अखेर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दोन-तीन आठवड्यांत, एप्रिल १९६८ मध्ये, तो कायदा झाला. तो मांडणारे सॅम स्मिथ हे तिथल्या कौन्सिलचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य होते. आणि १९६९ मध्ये पगारी माणसांचं स्वतंत्र खातं उभं राहिलं, तेच आज नागरी हक्क कार्यालय म्हणून चालतं. म्हणजे २०२३ ला ‘जात’ हा शब्द आला तेव्हा तक्रार घ्यायला, तपासायला आणि सुनावणीपर्यंत न्यायला पन्नासहून जास्त वर्षं मुरलेली यंत्रणा तिथे होती. तुमच्याकडे चार माणसं आहेत.

आयोग आणि कार्यालय यांची गल्लत तर हमखास होते. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत ‘मानवी हक्क आयोग’ म्हणजे महापौरांनी किंवा कौन्सिलने नेमलेले दहा-पंधरा बिनपगारी नागरिक असतात. महिन्यातून एकदा जमतात, सुनावण्या घेतात, शिफारशी करतात. ते काम मोलाचं आहे. कॅलिफोर्नियात सँटा क्लारा काउंटीच्या आयोगाने २०२१ मध्ये जातिभेदावर जाहीर सुनावणी घेतली आणि अनेक लोक पहिल्यांदा उघड बोलले. पण असा आयोग सहसा समन्स काढत नाही आणि पगाराचे कागद तपासत नाही. तुम्हाला ‘आयोगावर आपला एक सदस्य घेतो’ असं सांगितलं तर आभार माना आणि पुन्हा पगारी पदांच्या मागणीवर या.

आता पैसा. या ऑफिसांना शहराच्या जनरल फंडाशिवाय, म्हणजे मुख्य तिजोरीशिवाय, दोन संघीय वाटांनी पैसे मिळतात. नोकरीतल्या तक्रारींसाठी संघीय समान रोजगार आयोग राज्यांच्या आणि शहरांच्या संस्थांशी करार करतो आणि निकाली काढलेल्या प्रत्येक तक्रारीमागे ठरावीक रक्कम देतो. गेल्या काही वर्षांत ती आठशे डॉलरच्या आसपास आहे. घरांच्या तक्रारींसाठी संघीय गृहनिर्माण खात्याची अशीच योजना आहे, फक्त शहराचा कायदा संघीय कायद्याच्या तोडीचा असावा लागतो. सिटी मॅनेजर बहुधा याच भरवशावर म्हणतील की, तक्रारी वाढल्या तर अनुदानही वाढेल.

नाही वाढणार. संघीय पैसा संघीय कायद्यात बसणाऱ्या तक्रारींनाच मिळतो आणि त्या कायद्यांत ‘जात’ हा शब्द नाही. वंश, राष्ट्रीय मूळ किंवा धर्म यांच्या चौकटीत तक्रार बसवता आली तर ती दोन्हीकडे दाखल होते आणि पैसे मिळतात. निव्वळ जातीवर उभी असलेली तक्रार पूर्णपणे शहराच्या खिशातून तपासावी लागते. वर आठशे डॉलर म्हणजे साठ तासांच्या कामाला तासाला तेरा-चौदा डॉलर, पश्चिम किनाऱ्यावर किमान वेतनही त्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा अनुदान हा वरकड पैसा धरा. त्यावर पद उभं करू नका. अनुदानावरचं पद मुदतीचं असतं, मुदत संपते तेव्हा माणूस जेमतेम तयार झालेला असतो, आणि वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं की अटीही बदलतात.

म्हणून मागणी जनरल फंडातल्या कायम पदांची करा. पदाचा खर्च मांडताना नुसता पगार लिहिला तर बजेट ऑफिसवाले तुम्हाला हौशी समजतील. राज्य आणि स्थानिक सरकारी नोकरांवर होणाऱ्या एकूण खर्चात आरोग्य विमा, पेन्शन वगैरेंचा वाटा ३८ टक्क्यांच्या घरात असतो. समजा तुमच्या शहरात तपास अधिकाऱ्याचा पगार ९०,००० डॉलर आहे. मग शहराला तो माणूस साधारण १,४५,००० ला पडतो. पहिला फोन घेणारा, तक्रार लिहून घेणारा माणूस ७०,००० पगारावर धरला तर तो १,१३,००० ला. माझ्या मते तुम्ही दोन तपास अधिकारी आणि हा एक फोनवरचा माणूस मागावा: ४,०३,००० डॉलर. दुभाषे आणि भाषांतर यांना ४०,०००. लोकांपर्यंत पोचण्यासाठी समाजातल्या संस्थांना छोट्या रकमांची कामं द्यायला ६०,०००. बेरीज ५,०३,०००. अडीच लाखांच्या शहरात माणशी वर्षाला दोन डॉलर. जाहीर सुनावणीत बोलायला दोन मिनिटं मिळतात, कधी एकच, तेव्हा हा माणशी दोन डॉलरचा आकडा लक्षात राहतो. पगाराचे आकडे मात्र तुमच्या शहराच्या वेतनश्रेणीतून घ्या, माझे उचलू नका.

यातलं काही कापायची वेळ आली तर काय सोडाल? बहुतेक शहरं तपास अधिकारी देतात आणि फोनवरचा माणूस कापतात, कारण ते पद कारकुनी वाटतं. मी उलट करीन. पहिल्या वीस मिनिटांच्या फोनमध्ये निम्मं काम होतं किंवा बिघडतं. एक नमुना बघा. भारतीय तक्रारदार सांगतो, ‘नव्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग वडील काय करायचे. नंतर जेवताना म्हणाला, तुम्ही नॉनव्हेज खाता का? दुसऱ्या आठवड्यापासून मला मीटिंगला बोलावणं बंद झालं.’ ज्याला माहीत नाही तो अमेरिकन अधिकारी याची नोंद ‘ओळखीपाळखीच्या गप्पा, भेदभावाचा उल्लेख नाही’ अशी करून फाइल बंद करील. आपल्याला ऐकताक्षणी कळतं की चार प्रश्नांत त्या माणसाची जात काढून घेतली. हे समजून पुढचा नेमका प्रश्न विचारायचा, आणि तोही उत्तर तोंडात न घालता, याला प्रशिक्षण लागतं. सिएटलच्या कायद्यातली व्याख्या जन्माने मिळणारा दर्जा, जातीतच लग्न आणि रूढी, कायदा किंवा धर्म यांच्या आधाराने उभी असलेली सामाजिक बंधनं यांवर बेतलेली आहे. ती व्याख्या पाठ करून हे ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. संघीय आयोगाकडे नोकरीची तक्रार १८० दिवसांत द्यावी लागते, राज्यात किंवा शहरात अशी संस्था असेल तर ३०० दिवसांत. घराची तक्रार एका वर्षात. आपले लोक उशिरा येतात. एचवनबी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला फार तर ६० दिवस मिळतात. तो तक्रार करील कशाला? आधी नोकरी बदलतो, ग्रीन कार्डाचे कागद हलायची वाट बघतो, आणि फोन करतो तेव्हा मुदत टळायला आलेली असते. फोन उचलणारा माणूस हुशार असेल तर त्याच दिवशी तारीख काढून तक्रार नोंदवून ठेवतो आणि व्हिसासाठी वकिलाचा पत्ता देतो. आवाजी मेसेज ठेवायला सांगणारं ऑफिस असेल तर तो माणूस परत फोन करत नाही.

तिसरी गोष्ट घरांची. ‘फक्त शाकाहारी, अमुक समाजाचे’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. एकाच घरात राहणारा सोबती निवडणं बहुतेक वेळा गृहनिर्माण कायद्याच्या कक्षेबाहेर राहतं. अख्खं अपार्टमेंट भाड्याने देणारा मालक मात्र कक्षेत येतो. हा फरक पहिल्या फोनलाच सांगितला पाहिजे, नाहीतर लोक चार महिने वाट पाहून निराश होतात आणि ऑफिसचं नाव मंडळभर खराब करतात.

दुभाष्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे मी चांगलं चाललेलं काम फिसकटताना पाहिलंय. तक्रारदार बाईंना मराठीत बोलायचं होतं. आम्ही स्थानिक दुभाषा बोलावला, चांगला अनुभवी. बाईंनी त्यांचं आडनाव विचारलं, ऐकलं, आणि ‘बरं वाटत नाही, नंतर येते’ म्हणून उठून गेल्या. दुभाषा सज्जन होता, पण आडनाव ऐकताच त्यांच्या मनात काय आलं हे त्या खोलीत दोघांनाच कळलं, आणि अडचण तेवढीच नव्हती. तो त्यांच्याच मंडळाच्या गणपतीत वर्गणी गोळा करायचा. आपला समाज तिथे एवढा लहान असतो की गोपनीयतेच्या फॉर्मवर सही घेऊन भागत नाही. नंतर आम्ही फोनवरून दुभाषे पुरवणाऱ्या सेवेकडे गेलो. तिथे दुभाषा दुसऱ्या राज्यात बसलेला असतो आणि नाव न सांगता फक्त आपला क्रमांक सांगतो. तक्रारदाराला हे आधी सांगितलं की खांदे सैल पडतात. तेव्हा बजेटमध्ये दुभाष्यांची ओळ वेगळी लिहा आणि ‘दूरस्थ’ हा शब्द त्यात घाला.

‘जातीच्या विषयाला एक दक्षिण आशियाई अधिकारी नेमा’ ही मागणी अनेक जण करतात. मला ती पटत नाही. एकतर नोकरभरती अशी करताच येत नाही, जात किंवा राष्ट्रीय मूळ पाहून माणूस नेमणं हाच भेदभाव. दुसरं, त्या अधिकाऱ्याच्या आडनावावरून एक ना एक बाजू बोट दाखवणार. आणि तो नोकरी सोडून गेला की सगळं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. जाहिरातीत विषयाचं ज्ञान आणि भाषा यांची पात्रता लिहा, त्यात दलित-बहुजन समाजातले उमेदवार आपोआप पुढे येतील. शिकवा मात्र सगळ्यांना, वर्षातून दोनदा, कारण माणसं बदलत राहतात.

वकिलांचा खर्च कुणी मांडत नाही. भेदभाव झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि तडजोड फसली की प्रकरण सुनावणी अधिकाऱ्यापुढे किंवा कोर्टात जातं, आणि तिथे ते शहराचा वकील लढवतो. शहराच्याच एखाद्या खात्याविरुद्ध तक्रार असली तर? तोच वकील खात्याचाही बचाव करणार. अशा वेळी बाहेरचा वकील घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे आधीच ठेवलेले नसतील तर फाइल पडून राहते. जातीची प्रकरणं लांबतात हेही ध्यानात घ्या. कॅलिफोर्नियाच्या राज्य खात्याने सिस्को या तंत्रज्ञान कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा २०२० मध्ये लावला, दोन अभियंत्यांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा पुढे चालू ठेवला. राज्याच्या वकिलांना इतकी वर्षं लागतात, तुमच्या शहराला त्याची कल्पना असू द्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं जातिभेदविरोधी विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी आधीच्या कायद्यात हे येतंच असं म्हणत परत पाठवलं. ‘येतंच’ म्हणणारे लोक तुम्हालाही भेटतील. त्यांना विचारा, आजवर किती फायलींत आलं?

न्यूयॉर्कचं उदाहरण मुद्दाम ठेवलंय, कारण तिथला मानवी हक्क कायदा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांत धरला जातो. १९४३ च्या हार्लेम दंग्यानंतर महापौर ला गार्डिया यांनी समिती नेमली, १९५५ मध्ये तिच्या जागी कायम आयोग आला, पुढे त्याला सक्तीचे अधिकार मिळाले, १९९१ मध्ये कायदा आणखी धारदार झाला. आणि त्याच दशकात आयोगाची माणसं कापत कापत नेली. भाड्याला मदत देणारं सरकारी व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारायला तिथे २००८ पासून बंदी आहे, त्यासाठी आयोगात खास पथक होतं. २०२२ मध्ये बातमी आली की त्या पथकात एकही माणूस उरलेला नाही. कायद्यातला एक शब्दही कुणी बदलला नव्हता. माणसं राजीनामे देऊन गेली, जागा भरल्या नाहीत, बस.

म्हणून मंजूर पद आणि भरलेलं पद यांतला फरक कायम डोळ्यांपुढे ठेवा. रिकाम्या पदाचा पगार वाचतो, आणि ती बचत बजेट ऑफिस दुसरीकडची भोकं बुजवायला वापरतं. भरतीवर बंदी येते तेव्हा लहान खात्यांवर आधी येते. यावर मला एक उपाय चाललेला दिसलाय: ठरावातच लिहून घ्या की संचालकाने दर तीन महिन्यांनी कौन्सिलच्या समितीला भरलेली पदं, आलेल्या आणि निकाली निघालेल्या तक्रारी, आणि सर्वांत जुन्या फाइलचं वय कळवायचं. अहवाल एका पानाचा असला तरी पुरे. संचालकाची मुदत ठरावीक असावी आणि कारण दिल्याशिवाय काढता येऊ नये, हेही मागा, पण ते नाही मिळालं तर अडून बसू नका.

वेळेचं भान मात्र हवं. तुमच्या शहराचं आर्थिक वर्ष जुलैला सुरू होत असेल तर खात्यांच्या मागण्या जानेवारी-फेब्रुवारीतच आत जातात. मे महिन्यातल्या जाहीर सुनावणीला तुम्ही निळ्या टोप्या घालून शंभर जण गेलात तरी तोवर आकडे ठरलेले असतात. सिएटलसारखं जानेवारी-डिसेंबर वर्ष असेल तर महापौरांचा प्रस्ताव सप्टेंबरअखेर येतो, म्हणजे खरं बोलणं मे-जूनमध्ये. कायद्याचा ठराव आणि पदांचा पैसा एकाच बैठकीला जोडून मागा. आधी कायदा, मग पुढच्या वर्षी पैसे, असं सांगितलं गेलं तर ठराव लागू होण्याची तारीखच पैसे मंजूर होईपर्यंत पुढे ढकलायला सांगा. तुमच्यातले काही जण याला विरोध करतील, त्यांना ठरावाचे पेढे आधी हवे असतात.

पुण्याचं आता. अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांना स्वतःचा नागरी हक्क कायदा करता येतो, तसा अधिकार आपल्या महापालिकेला नाही. आपल्याकडे हे काम १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याखाली राज्य आयोगाचं. महाराष्ट्राचा आयोग २००१ पासून मुंबईतून काम करतो. अध्यक्ष आणि दोन सदस्य, मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं. सचिव आणि तपासाचे पोलीस राज्य सरकार देतं, पैसाही राज्य सरकारच देतं, आणि तक्रारी पुष्कळदा त्याच सरकारच्या पोलिसांविरुद्ध असतात. राष्ट्रीय आयोगाच्या आंतरराष्ट्रीय मानांकनाचा निर्णय २०२३ आणि २०२४ मध्ये पुढे ढकलला गेला, त्यामागच्या आक्षेपांत तपासातला पोलिसांचा हात हा एक होता. घटना होऊन एक वर्ष उलटलं की आयोग तक्रार घेऊ शकत नाही, आणि चौकशीअंती तो शिफारसच करतो. रिकाम्या जागांचं दुखणं तर इतकं जुनं की सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात राज्यांना आयोगांतल्या जागा तीन महिन्यांत भरायला सांगितलं होतं.

महापालिका एक तक्रार कक्ष काढू शकेल, पण त्याच्यापाशी अधिकार काय, हे आधी विचारा. मी पुण्यात असतो तर नवं ऑफिस मागण्याआधी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज राज्य आयोगाकडे टाकला असता: मंजूर पदं किती, भरलेली किती, तपास शाखेत आज किती माणसं, प्रत्येक रिकामं पद कोणत्या तारखेपासून रिकामं, आणि ते भरण्यासाठी सरकारला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती.